शहराची वांटणी आणि आंकड्यांचा खरेपणा

मुंबई महापालिकेनें कारभाराच्या सोयीसाठीं शहराचे जे वॉर्ड पाडले आहेत, त्यांतील एकाचें नांव ‘जी-उत्तर’ असें आहे. दादर, माहीम आणि धारावी हे तीन भाग या एकाच वॉर्डांत येतात. शिवाजी पार्कच्या भोंवतालचीं हवेशीर घरें, माहीमचा जुना कोळीवाडा व धारावींतील दाट वस्तीच्या गल्ल्या यांचा पालिकेच्या दप्तरीं असा एकच संसार आहे. २०११ च्या खानेसुमारींत या वॉर्डाची लोकसंख्या सुमारें सहा लाख भरली. आतां या सहा लाखांचें सरासरी उत्पन्न, सरासरी आयुष्य किंवा दर माणशीं मिळणारें पाणी यांचा आंकडा कोणीं काढला, तर तो गणितदृष्ट्या अगदीं बरोबर असेल. परंतु तो ना शिवाजी पार्कला लागू पडेल, ना धारावीला. ज्या गृहस्थाचें वर्णन त्या आंकड्यांत आहे, तो गृहस्थ त्या वॉर्डांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं!

हा विषय रुक्ष वाटण्यासारखा आहे, हें आम्ही जाणून आहों. नकाशावर रेघ कोठून कोठें काढावी हा मोजणी-कारकुनाचा प्रश्न. त्याशीं संसारी माणसाला काय कर्तव्य, असें सहजच कोणी म्हणेल. परंतु नवा दवाखाना कोठें उघडावयाचा, नळाचें पाणी कोणत्या भागाला किती तास सोडावयाचें, शाळेला इमारत कोठें द्यावयाची, सांथ आली असतां मदत प्रथम कोणाकडे धाडावयाची, हे सारे निर्णय ‘अमक्या विभागांत अमुक आंकडा’ याच आधारावर होत असतात. आंकडा मागाहून येतो. रेघ आधींच आंखलेली असते. ती रेघ विचारलेल्या प्रश्नाला धरून आंखलेली नसेल, तर प्रामाणिकपणें गोळा केलेला आंकडाहि दिशाभूल करतो, एवढेंच आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम एक लहानसें गणित घेऊं. एका गांवांत चार आळ्या आहेत असें समजा; दोन वरच्या बाजूस व दोन त्यांच्या बरोबर खालीं. प्रत्येक आळींत माणसें सारखींच. वरच्या दोन्ही आळ्यांत शेंकडा दोन माणसें आजारी आहेत, खालच्या दोन्ही आळ्यांत शेंकडा अठरा. मधून आडवी रेघ काढून गांवाचे दोन विभाग केले, तर एका विभागांत शेंकडा दोन व दुसऱ्यांत शेंकडा अठरा असा आंकडा निघेल, आणि वैद्य तडक खालच्या बाजूस धांवेल. तीच रेघ उभी काढली, तर दोन्ही विभागांत शेंकडा दहा! एकहि रोगी वाढला नाहीं, एकहि बरा झाला नाहीं, मोजणारानें एकहि चूक केली नाहीं. केवळ रेघ फिरली आणि रोगाचें ठिकाण नाहींसें झालें.

कागदावरील हें गणित एके काळीं लंडन शहरांत हजारों माणसांच्या प्राणांशीं निगडित होतें. १८४८-४९ सालीं तेथें पटकीची मोठी सांथ आली. जन्ममृत्यूच्या नोंदणीचें जें सरकारी खातें होतें, त्यांतील विल्यम फार हे त्या काळचे नामांकित आंकडेशास्त्रज्ञ. त्यांनीं शहराचे विभाग थेम्स नदीच्या पातळीपासून असलेल्या उंचीप्रमाणें लावून पाहिले. वीस फुटांहून कमी उंचीच्या विभागांत दर दहा हजार वस्तींत १०२ मृत्यु, वीस ते चाळीस फुटांवर ६५, चाळीस ते साठ फुटांवर ३४. जसजसें वर चढावें तसतसा मृत्यूचा आंकडा उतरत गेलेला! इतकी सुबक उतरंड पाहून, सखल भागांतील कुजट हवेनें पटकी होते या त्या काळच्या समजुतीला बळकटी आली. आंकडे खरे होते. उंचीचा संबंधहि खरा होता. परंतु सखल भागांतील पुष्कळ लोक शहरभरच्या गटारांनीं नासलेलें नदीचें पाणी पीत होते, ही गोष्ट उंचीच्या विभागणींत लपून राहिली.

डॉक्टर जॉन स्नो यांनीं शहराची वांटणी निराळ्या रीतीनें केली. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागाला पाणी पुरविणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या. साउथवर्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी बॅटरसी येथें नदीच्या घाण पाण्यांतूनच उपसा करी. लॅम्बेथ कंपनीनें मात्र १८५२ त आपला उपसा शहराच्या वरच्या अंगास, थेम्स डिटन येथें हलविला होता. दोघींचे नळ कित्येक ठिकाणीं एकाच रस्त्यांतून गेलेले. शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचें पाणी. तेव्हां मोहल्ल्यांप्रमाणें वांटणी करून येथें कांहींच उमगण्यासारखें नव्हतें. स्नो यांनीं मृत्यु झालेल्या घरोघर जाऊन तेथें कोणत्या कंपनीचें पाणी येतें याची चौकशी केली. १८५४ च्या सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क कंपनीच्या दर दहा हजार घरांमागें ३१५ मृत्यु झाले होते, आणि लॅम्बेथ कंपनीच्या ३७. हवा तीच, रस्ता तोच, उंची तीच. पाणी मात्र निराळें!

त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा एकाएकीं भडका उडाला व दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. स्नो यांनीं मृत्यु झालेलीं घरें नकाशावर काळ्या खुणांनीं मांडलीं, आणि पुढें त्याच नकाशावर एक विलक्षण सीमा काढली. ती सीमा कोणत्याहि चर्चच्या अगर वॉर्डाच्या हद्दीची नव्हती. कोणत्या ठिकाणापर्यंत ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप पायीं जाण्यास सर्वांत जवळ, आणि कोठून पुढें दुसरा पंप जवळ पडतो, हें रस्त्यांच्या वळणांवरून मोजून त्यांनीं ती आंखली होती. भांडें घेऊन पाण्याला निघालेलें माणूस ज्या वाटेनें जातें त्या वाटेची ती सीमा, आणि मृत्यूंचा मोठा भरणा तिच्या आंत होता. आंत राहूनहि जे वांचले, त्यांचीहि संगति लागली. जवळच्या एका निराश्रितगृहाला स्वतःची विहीर होती. तेथील ५३५ रहिवाशांपैकीं पांचच दगावले. ८ सप्टेंबर १८५४ रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तोंवर ओसरूं लागली होती, हें खरें. तथापि रोगाचा माग पाण्यापर्यंत नेऊन पोंचविण्याच्या कामीं त्या वेड्यावांकड्या सीमेचा उपयोग मोठा झाला. विल्यम फार यांचा मोठेपणा असा कीं, १८६६ त पूर्व लंडनमध्यें पटकी पुनः आली तेव्हां त्यांनीं स्वतः पाण्याच्या पुरवठ्याप्रमाणें आंकडे मांडले आणि दोष पाण्याकडे आहे, असा निर्वाळा दिला.

विभाग कोणत्या तत्त्वावर पाडावा हा झाला एक प्रश्न. तो किती मोठा पाडावा हा दुसरा. लंडनमध्येंच चार्ल्स बूथ या सधन व्यापाऱ्यांनीं १८८६ त शहरांतील दारिद्र्याची पाहणी हातीं घेतली. ती १९०३ पर्यंत चालली आणि तिचे अखेर सतरा खंड झाले. मोहल्लेवार सरासरीवर समाधान न मानतां बूथ यांनीं रस्तावार नकाशा रंगविला. अगदीं हलाखीच्या रस्त्यांस काळा रंग, श्रीमंतांच्या रस्त्यांस पिंवळा, आणि मध्यें निळ्या, जांभळ्या, गुलाबी व तांबड्या छटा, असे एकंदर सात रंग होते. लंडनची शेंकडा ३०.७ वस्ती दारिद्र्यांत आहे हा त्यांचा निष्कर्ष फार गाजला. परंतु त्या नकाशानें आणखी एक गोष्ट उघड केली: पिंवळ्या-तांबड्या हमरस्त्याच्या पाठीशींच, एका बोळाच्या अंतरावर, निळा आणि काळा रंग होता. विभाग मोठा धरला असता तर ते दोन रंग मिसळून एक मध्यम छटा उरली असती आणि दारिद्र्य कोठें आहे हें कोणासहि दिसलें नसतें.

मोठ्या विभागाचा याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत बालगुन्हेगारी व घरभाडें यांचा परस्परसंबंध गेल्के व बीएल या दोन अभ्यासकांनीं १९३४ त तपासला. अशा संबंधाचें एक माप असतें. संबंध मुळींच नसला तर तें शून्य येतें, आणि पूर्ण असला तर एक. शहराचे २५२ लहान विभाग घेऊन पाहतां, जेथें भाडें कमी तेथें गुन्हे अधिक, या संबंधाचें माप सुमारें ०.५० निघालें. तेच विभाग एकमेकांस जोडून २५ मोठे विभाग केले, तेव्हां तें सुमारें ०.७६ वर गेलें. मुलें तींच, घरें तींच, भाडेंहि तेंच. तरीहि पहिला आंकडा वाचणारा म्हणेल कीं, दारिद्र्य व गुन्हेगारी यांचा संबंध बेताचा आहे. दुसरा आंकडा वाचणारा म्हणेल कीं, तो फारच घट्ट आहे. पुढें १९८४ त स्टॅन ओपनशॉ या भूगोलज्ञांनीं या अडचणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तेव्हांपासून शहरांचा अभ्यास करणाऱ्यास ही अडचण डोळ्यांआड करतां येत नाहीं.

येथवर रेघेनें केवळ ज्ञानाचें नुकसान केलें. परंतु रेघ माणसांचेंहि नुकसान करूं शकते. शिकागो विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत शहराच्या विभागणीला शास्त्राचें रूप देण्याचा यत्न केला. अर्नेस्ट बर्जेस यांनीं १९२५ त असें मांडलें कीं, शहर हें मधल्या व्यापारपेठेभोंवतीं एकाबाहेर एक अशा कड्यांनीं वाढतें: पेठेला लागून बदलत्या, पडक्या वस्तीचें कडें, मग कामगारांच्या घरांचें, मग मध्यम वर्गाचें, आणि सर्वांत बाहेर रोज शहरांत ये-जा करणाऱ्यांचें. याच सुमारास तेथील अभ्यासकांनीं शिकागोचे ७५ लोकवस्ती-विभाग आंखले. १९५६ त विमानतळाचा भाग त्यांत आला व १९८० त एका विभागांतून दुसरा फुटला; म्हणून आज ते ७७ आहेत. बाकी रेघा जवळजवळ तशाच राहिल्यामुळें, एकाच विभागाचे १९३० चे व आजचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात. हा त्या स्थिर वांटणीचा मोठाच लाभ होय.

मात्र त्याच देशांत त्या सुमारास दुसरीहि एक वांटणी झाली. १९३३ त तेथील सरकारनें गृहकर्जांसाठीं एक संस्था स्थापन केली, आणि तिनें पुढील कांहीं वर्षांत दोनशेंहून अधिक शहरांचे नकाशे करविले. उत्तम भाग हिरवा, त्याखालचा निळा, उतरती कळा लागलेला पिंवळा, आणि कर्जास धोक्याचा तो तांबडा. भागाची पारख करतांना घरांचें वय व दुरुस्ती यांबरोबर तेथील रहिवाशांचा वंशहि टिपला जाई, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक सर्वत्र तांबड्या रंगांत पडे. प्रत्यक्ष नुकसानींत या विशिष्ट नकाशांचा वांटा किती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत; परंतु वस्ती पाहून कर्ज नाकारण्याची रीत त्या काळीं सरकारी व खासगी दोन्ही व्यवहारांत रुळली होती, हें निर्विवाद आहे. कर्ज नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं, दुरुस्ती नाहीं म्हणून किंमत नाहीं, आणि किंमत नाहीं म्हणून पुनः कर्ज नाहीं! १९६८ च्या कायद्यानें ही रीत बेकायदा ठरली. पण तोंवर एक पिढी त्या रंगाखालीं वाढून गेली होती. जी रेघ स्थिति दाखविण्यासाठीं काढावयाची, तीच स्थिति घडवूं लागली.

आतां आपल्याकडे वळूं. पुण्याची पेठ हा विभागणीचा आपला जुना व ओळखीचा नमुना. कसबा सर्वांत जुना. त्याच्या भोंवतीं सोमवारापासून रविवारापर्यंत सातहि वारांच्या पेठा. सदाशिवरावभाऊंच्या नांवाची सदाशिव, नारायणराव पेशव्यांच्या नांवाची नारायण, नाना फडणिसांच्या नांवाची नाना. पेठ वसवावयाची म्हणजे व्यापारी-उदमी व कारागीर आणून बसवावयाचे आणि त्यांच्याकडून कर घ्यावयाचा. त्यामुळें पेठेच्या नांवावरून तेथील धंद्याचा आणि जातीपातींचाहि पुष्कळसा अंदाज येई. परंतु अंदाज व मोजणी यांत अंतर आहे. धनंजयराव गाडगीळ व गोखले अर्थशास्त्र संस्था यांनीं पुणें शहराची जी सामाजिक व आर्थिक पाहणी केली आणि जिचे दोन भाग १९४५ व १९५२ त प्रसिद्ध झाले, तिचें महत्त्व आम्हांस यांतच वाटतें कीं, पेठेच्या नांवावर विसंबून न राहतां तिनें कुटुंबांची प्रत्यक्ष विचारपूस केली. आज तर जुन्या पेठांतील कित्येक घराणीं कोथरूड-कर्वेनगरास जाऊन राहिलीं आहेत आणि वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या आहेत. पेठेची पाटी तीच आहे; पाटीखालचा संसार पालटला आहे.

दुसरी वांटणी आपण रोज लिहितों, पण तिला वांटणी म्हणून ओळखत नाहीं. ती म्हणजे पत्त्याखालचा पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या या सहा आंकडी योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि, आणि आपले मराठीच. पूर्वींचें ‘पुणें ३०’ तें ४११०३० झालें, ‘मुंबई २८’ तें ४०००२८. पत्र योग्य त्या टपाल-कचेरींत बिनचूक पोंचावें यासाठीं ही आंखणी झाली, आणि त्या कामीं ती उत्तम ठरली. परंतु टपालाच्या थैलीसाठीं पाडलेल्या या विभागावरून उद्यां कोणी माणसाची पत ठरवूं लागला, ‘या पिनकोडाला कर्ज नको’ असें म्हणूं लागला, तर अमेरिकेंतील त्या तांबड्या पेन्सिलीचाच तो नवा अवतार होईल.

रेघ वेळींच बदलल्यानें काय साधतें, याचें उदाहरणहि आपल्याच डोळ्यांसमोर घडलें आहे. १ एप्रिल २०२० रोजीं धारावींत करोनाचा पहिला रोगी आढळला. त्या सांथींत जी-उत्तर वॉर्डाचा आंकडा एकत्र न देतां धारावी, दादर व माहीम असे तीन निरनिराळे आंकडे दररोज प्रसिद्ध होऊं लागले. कोणत्या वस्तींत रोग चढतो आहे व कोणत्या वस्तींत उतरतो आहे, हें त्यामुळें रोजच्या रोज कळे. एकाच बेरजेंत तें कधींच कळलें नसतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत महापालिका, नीति आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं माटुंगा, चेंबूर व दहिसर या भागांच्या तीन वॉर्डांत सुमारें सात हजार लोकांचें रक्त तपासलें. झोपडपट्ट्यांत शेंकडा ५७ लोकांना रोग होऊन गेल्याची खूण मिळाली. त्याच वॉर्डांतील इतर इमारतींत शेंकडा १६ लोकांना. वॉर्ड एकच, पालिकेची कचेरी एकच, आणि अंतर साडेतीन पटींचें! सामाईक शौचकूप, दाट वस्ती आणि एका खोलींत पांच-सहा माणसें, ही रोगाची खरी हद्द होती. वॉर्डाच्या हद्दीला तिची वार्ताहि नव्हती.

यावरून वॉर्ड निरुपयोगी आहेत, असें मात्र कोणी समजूं नये. कचरा उचलण्यास, नळदुरुस्तीस, तक्रार घेण्यास कोठें तरी हद्द घालावीच लागते. अडचण एवढीच कीं, एका शहरावर अशा अनेक हद्दी एकीवर एक पडलेल्या असतात. २०११ च्या खानेसुमारीच्या वेळीं मुंबईचे कारभाराचे वॉर्ड २४ होते आणि नगरसेवकांचे प्रभाग २२७. विधानसभेचे मतदारसंघ निराळे, पोलिस ठाण्यांच्या हद्दी निराळ्या, टपालाच्या आणखी निराळ्या. एकच कुटुंब कचऱ्यासाठीं एका विभागांत, मतासाठीं दुसऱ्यांत व पत्रासाठीं तिसऱ्यांत राहतें. एका हद्दीचा आंकडा दुसऱ्या हद्दीच्या आंकड्याशीं ताडून पाहूं गेल्यास गोंधळच व्हावयाचा. प्रभागांच्या सीमा तर निवडणुकीपूर्वीं पुष्कळदां फिरतात. मग मागील आंकड्याशीं आजचा आंकडा जुळवावयाचा कसा? याच कारणास्तव खानेसुमारीपूर्वीं सरकार सर्व कारभारी सीमा कांहीं काळ गोठवून ठेवतें. गणनेच्या कामासाठीं वस्तीचे साधारण सहाशें ते आठशें माणसांचे लहान गट पाडलेले असतात; पण शहरापुरतें पाहिलें तर बहुतेक माहिती प्रसिद्ध होते ती वॉर्डाच्या पातळीवर. बारीक जाळ्यानें धरलेले मासे मोठ्या टोपलींत ओतून मोजावे, तसें हें होतें.

अलीकडे उपग्रहांच्या छायाचित्रांवर सारख्या चौकोनांची किंवा षट्‌कोनांची जाळी टाकून शहर मोजण्याची रीत निघाली आहे. या जाळीला राजकारण कळत नाहीं, हा तिचा गुण. परंतु तिला नाला, खाडी व रेल्वेचा रूळहि कळत नाहीं. मुंबईंत रुळाच्या पूर्वेचें माणूस पश्चिमेस जाण्यासाठीं पूल शोधतें; जाळीच्या चौकोनांत मात्र दोघे शेजारी ठरतात. तेव्हां यंत्र कितीहि सूक्ष्म झालें, तरी अमुक प्रश्नासाठीं शहर कसें वांटावें याचा विचार माणसालाच करावा लागणार.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या वस्तीविषयीं एखादा आंकडा वर्तमानपत्रांत अगर पालिकेच्या अहवालांत दिसला, तर तो खरा कीं खोटा हें विचारण्यापूर्वीं त्याची हद्द विचारावी. ही हद्द कोणीं व कोणत्या कामासाठीं घातली? तिच्या आंतील माणसें एकमेकांसारखीं आहेत, कीं दोन टोकांचीं मिळून एक सरासरी काढली आहे? मागील गणतीच्या वेळीं हद्द हीच होती काय? आणि आपल्या वस्तीला पाणी कोठून येतें, तें कोणत्या नळाशीं मंद होतें, मूल शाळेस कोणता रस्ता ओलांडून जातें, हें ज्या गृहिणीला पाठ आहे, तिनें तें पालिकेच्या सभेंत जरूर सांगावें. स्नो यांना लंडनची ती सीमा अशाच घरोघरच्या विचारपुशींतून सांपडली होती.